नाट्यगृहाच्या फरशीखाली एक तार हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाट्यगृह दुरुस्तीला काढले की चर्चा होते ती खुर्च्यांची, वातानुकूलनाची, स्वच्छतागृहांची आणि पार्किंगची. या तक्रारी खऱ्या आहेत, त्या व्हायलाच हव्यात. पण फरशी उखडलेली असते त्याच काही आठवड्यांत आणखी एक काम उरकून घ्यायचे असते आणि निविदेत त्याची ओळच नसल्यामुळे ते राहून जाते. प्रेक्षागृहाच्या फरशीखालून तांब्याची तार फिरवून तिला एक खास अॅम्प्लिफायर जोडला, की श्रवणयंत्र लावून आलेल्या प्रेक्षकाला रंगमंचावरचा संवाद थेट त्याच्या यंत्रात ऐकू येतो. याला हिअरिंग लूप किंवा इंडक्शन लूप म्हणतात. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या आगीत जळाले. तशी मुळापासून पुनर्बांधणी असो, नाहीतर एखाद्या गावात नुसता कोबा फोडून नव्या लाद्या बसवायच्या असोत, तार टाकायची वेळ तीच. नवी फरशी एकदा बसली की पुढची पंधरा-वीस वर्षे तिला कोणी हात लावू देत नाही.

श्रवणयंत्र आहे ना, मग आणखी तार कशाला, हा प्रश्न नाट्यगृहाचे व्यवस्थापक विचारतात, नगरसेवक विचारतात, कधीकधी घरचेही विचारतात. श्रवणयंत्राचा माईक कानाशी असतो आणि तो दीड-दोन मीटरवरच्या बोलण्यासाठी चांगला. नटापासून एक मीटरवर त्याचा आवाज जेवढा असतो, त्याच्यापेक्षा सोळा मीटरवर तो थेट मार्गाने 24 डेसिबलने उतरलेला असतो, कारण अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल जातात. भिंतींवरून आणि छतावरून परतणारा आवाज मात्र मागच्या रांगेतही जवळपास तेवढाच राहतो. त्यात पंख्यांची घरघर, शेजारची कुजबूज, वेफर्सच्या पुडीचा चुरचुर आवाज. यंत्र हे सगळे सारखेच मोठे करून कानात ओतते. वयाने आलेल्या बहिरेपणात आतल्या कानातल्या केसपेशी झिजलेल्या असतात. त्यामुळे आवाज मोठा केला तरी शब्द सुटे होत नाहीत. 'साठ'मधल्या 'स'ची बरीचशी ताकद चार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि वयाबरोबर आधी जातो तो हाच पट्टा. 'स' गळला की उरतो 'आठ'. 'पाट', 'पाठ', 'पात', 'पाक' हे शब्द तर एकमेकांपासून वेगळे होतात ते शेवटच्या व्यंजनावर. स्पीकरचा आवाज वाढवून हे दुरुस्त होत नाही, उलट घुमणे वाढते. बाकीचे प्रेक्षक हसतात आणि या प्रेक्षकाला कळते की काहीतरी विनोद झाला. मग तो हळूहळू नाटकाला यायचाच बंद होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने साठीपुढच्या लोकांत चारातल्या एकाहून अधिक जणांना अडचण व्हावी इतके कमी ऐकू येते. आपल्या रविवार दुपारच्या प्रयोगाला बसलेला प्रेक्षक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा आकडा किती जवळचा आहे ते कळेल.

लूपचे तंत्र जुने आणि साधे आहे. जोसेफ पोलियाकॉफ यांनी 1937 मध्ये ब्रिटनमध्ये त्याचे पेटंट घेतले. तारेतून संवादाचा विद्युतप्रवाह फिरतो, तारेच्या वळशाभोवती त्याच लयीत कमी-जास्त होणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि श्रवणयंत्रात बसवलेली टेलिकॉइल, म्हणजे गाभ्यावर गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेची छोटी कॉइल, ते क्षेत्र टिपते. यंत्र 'टी'वर टाकले की माईक बंद, कॉइल चालू. 'एमटी'वर टाकले तर दोन्ही चालू, म्हणजे शेजारच्याचे बोलणेही कानावर पडते. मागच्या रांगेतला माणूस अशा वेळी नटाच्या हातभर अंतरावर बसल्यासारखे ऐकतो, आणि तेही त्याच्या स्वतःच्या कानासाठी बेतलेल्या यंत्रातून. काही मागायचे नाही, काही गळ्यात अडकवायचे नाही, खिडकीवर ओळखपत्र ठेवायचे नाही. आमच्या मते लूपचा सगळ्यात मोठा गुण हा आहे.

इतर पर्याय आहेत. इन्फ्रारेड व्यवस्थेचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून एकाच इमारतीत दोन सभागृहे असतील तिथे ती सोयीची. पण तिला प्रत्येक प्रेक्षकाला रिसीव्हर द्यावा लागतो, तो चार्ज करावा लागतो, पुसावा लागतो, परत घ्यावा लागतो, आणि रिसीव्हरच्या डोळ्यावर ओढणी किंवा शाल आली की आवाज तुटतो. एफएम रेडिओलहरींवर चालणाऱ्या व्यवस्थेचेही रिसीव्हरपुरते तेच. आता ब्लूटूथवर आधारलेले, एकच आवाज एकाच वेळी अनेक यंत्रांना पाठवणारे ऑराकास्ट आले आहे. 2022 मध्ये ते त्या नावाने जाहीर झाले, आणि पुढे-मागे बहुतेक यंत्रांत ते येईल असे आम्हालाही वाटते. मात्र आज लोकांच्या कानात जी यंत्रे आहेत, ती त्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली आहेत आणि ती आणखी काही वर्षे तरी बदलली जाणार नाहीत. म्हणून आज लूप टाकावा आणि त्याला आवाज देणाऱ्या मिक्सरमधूनच ऑराकास्टच्या ट्रान्समीटरसाठी एक लाइन काढून ठेवावी. 'नवे तंत्र येतेच आहे' या सबबीवर दोन्ही न करणे, हे सर्वांत वाईट.

आता कामाचे. लूप म्हणजे खोलीभोवती वायर फिरवून साध्या अॅम्प्लिफायरला जोडणे, अशी समजूत अनेक विद्युत ठेकेदारांची असते आणि बिघाडाची सुरुवात तिथूनच होते. लांब वळशाचा विरोध उंच पट्टीच्या आवाजांना वाढत जातो, त्यामुळे स्पीकरसाठी बनवलेल्या अॅम्प्लिफायरवर लूप चालवला तर नेमका 'स', 'श', 'च', 'त' यांचा भाग मार खातो. लूपसाठी प्रवाह स्थिर ठेवणाराच अॅम्प्लिफायर लागतो, आणि त्यात हळू बोलणे व ओरडणे यांना आपोआप सावरून घेणारी सोय असावी लागते. प्रवाहाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: दहा मीटर बाजूच्या चौकोनी वळशाच्या मध्यभागी 400 मिलिअँपिअर प्रति मीटर एवढे क्षेत्र हवे असेल, तर कागदावरच्या हिशेबाने साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. स्लॅबमध्ये सळया असतील तर त्याहून जास्त.

आणि सळया असतातच. आपल्या नाट्यगृहांत या कामाचा सर्वांत मोठा शत्रू तोच. तारेचे चुंबकीय क्षेत्र सळयांच्या जाळीत छोटे छोटे प्रवाह उभे करते, ते प्रवाह मूळ क्षेत्राला विरोध करतात, आणि हा तोटा वळशाच्या मध्याकडे आणि उंच पट्टीत जास्त होतो. परिणाम असा की कडेच्या खुर्च्यांवर खणखणीत ऐकू येते आणि मधल्या, सगळ्यात महागड्या तिकिटांच्या खुर्च्यांवर आवाज बसलेला आणि गढूळ. बाल्कनीखालची लोखंडी कैची, पायऱ्यांचे पोलादी सांगाडे, कृत्रिम छताच्या पट्ट्या हेही यात भर घालतात. म्हणून सळयांच्या फरशीवर एकच मोठा वळसा टाकू नये. अरुंद वळशांचे जाळे टाकावे. अशा जाळ्यात तारेच्या बरोबर वर बसणाऱ्या खुर्चीत आवाज पडतो, कारण तिथे क्षेत्र आडवे होते आणि कानामागच्या यंत्रातल्या उभ्या कॉइलला ते जाणवत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे दोन स्वतंत्र जाळी एकमेकांपासून सरकवून टाकायची आणि दुसऱ्या जाळ्याचा प्रवाह पहिल्यापेक्षा पाव आवर्तनाने मागे ठेवायचा. एकाच्या खळग्यावर दुसऱ्याची उंची येते आणि सगळ्या रांगा भरून निघतात. याच रचनेत बाहेर सांडणारे क्षेत्रही कमी होते. वरच्या मजल्यावर तालीम हॉल किंवा दुसरे सभागृह असेल, तर हे ऐच्छिक मानू नये. नाहीतर वरच्या व्याख्यानाला आलेल्या आजींच्या यंत्रात खालचे नाटक ऐकू येईल.

तार कुठून न्यायची हे खुर्च्यांचा आराखडा हातात घेऊन ठरवावे. चपटी तांब्याची पट्टी गालिच्याखाली किंवा लादीखालच्या थरात बसते. जिथे ती टाकायची तिथे खुर्च्यांचे बोल्ट येता कामा नयेत. आम्हाला सर्वाधिक दिसणारा दोष हाच आहे: लूप टाकून झाल्यावर खुर्च्यांचा ठेकेदार येतो, ड्रिल मारतो, तार तुटते आणि ती तुटली आहे हे कुणाला कळतच नाही. म्हणून तारेचा मार्ग आराखड्यावर मोजमापांसह नोंदवावा, फरशी झाकण्याआधी त्याचे फोटो काढावेत, आणि खुर्च्या बसवण्यापूर्वी व नंतर अशी दोन वेळा तारेची सलगता तपासून सही घ्यावी. लूपची तार माईकच्या केबलला समांतर नेऊ नये आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेपासून शक्य तेवढी लांब ठेवावी. इलेक्ट्रिक गिटार आणि काही प्रकारचे माईक लूपचे क्षेत्र उचलतात, आणि मग तोच आवाज फिरून पुन्हा लूपमध्ये शिरतो.

दुसरा शत्रू म्हणजे डिमर, दिवे मंद-प्रखर करणारी यंत्रणा. प्रकाशयोजनेचे जुने थायरिस्टर डिमर विजेची लाट मधूनच कापतात, त्यातून 50 हर्ट्झच्या पटीतली गुणगुण निर्माण होते आणि ती टेलिकॉइलमध्ये भुंग्यासारखी ऐकू येते. या गुणगुणीची चाचणी दिवे पूर्ण उजळून किंवा पूर्ण विझवून घेतली तर काही सापडत नाही. डिमर निम्म्यावर आणला की आवाज सर्वाधिक होतो, म्हणून चाचणी तिथेच करायची. गुणगुण दिवे बंद असतानाही येत असेल, तर बहुधा इमारतीच्या वायरिंगमध्येच दोष असतो: न्यूट्रल एकाहून अधिक ठिकाणी अर्थिंगला जोडलेला, त्यामुळे जाणारा प्रवाह एका वाटेने आणि परतीचा भलत्याच वाटेने. तो दोष लूप असो वा नसो, सुरक्षेसाठी दुरुस्त करायलाच हवा. लूप टाकण्याआधी रिकाम्या सभागृहात ही पार्श्वभूमी मोजून घेतली, तर पुढचा वाद टळतो.

तार उत्तम पडली, अॅम्प्लिफायर उत्तम आहे, आणि तरी नाटक ऐकू येत नाही, असेही होते, कारण लूपला आवाज कुठून द्यायचा याचा विचार झालेला नसतो. व्याख्यान असेल तर प्रश्नच नाही, पोडियमचा माईक द्यावा. पण मराठी नाटकात नट पुष्कळदा अंगावर माईक लावत नाहीत. रंगमंचाच्या कडेला फळ्यांलगत ठेवलेले दोन-तीन माईक ('फूट माईक') आणि वर एखाद-दुसरा टांगलेला. दौऱ्यावर येणाऱ्या नाट्यसंस्थेचा साऊंडवाला अनेकदा स्वतःचा मिक्सर आणतो, त्यातून पार्श्वसंगीत आणि आवाजाचे इफेक्ट सोडतो, आणि नाट्यगृहाचा लूप त्या मिक्सरच्या मुख्य आउटपुटला जोडलेला असेल तर प्रेक्षकाच्या कानात फक्त संगीत येते, संवाद नाहीच. म्हणून लूपला स्वतःचे कायमचे माईक हवेत. रंगमंचावर टांगलेल्या पुढच्या आडव्या बारवर तीन आणि कडेला दोन असे, मुख्यतः एकाच दिशेचा आवाज टिपणारे पाच माईक साधारण रुंदीच्या रंगमंचाला पुरतात. ते नाट्यगृहाचे, संस्थेच्या मिक्सरशी संबंध नाही. शिवाय संस्थेच्या मिक्सरमधून एक वेगळी जादा लाइन घ्यावी आणि संगीत संवादापेक्षा बरेच खाली ठेवून त्यात मिसळावे. लाकडी फळ्यांवरच्या पावलांचा धपधप आवाज फूट माईक उचलतात, म्हणून खालचा, शंभर हर्ट्झखालचा भाग कापून टाकावा. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबल्याचे माईक लूपमध्ये थोडेच द्यावेत, नाहीतर ते गाण्याचे शब्द खाऊन टाकतात.

काम ताब्यात घेताना ठेकेदाराचे 'चालू आहे साहेब' हे प्रमाणपत्र नव्हे. आयईसी 60118-4 हे आंतरराष्ट्रीय मानक निविदेत नावानिशी लिहावे आणि क्षेत्रमापक यंत्राने खुर्चीनिहाय नोंद मागावी. बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून 1.2 मीटरवर, संवादाच्या शिखरांना 400 मिलिअँपिअर प्रति मीटर मिळाले पाहिजे. खुर्ची ते खुर्ची फरक अधिक-उणे 3 डेसिबलच्या आत हवा, आणि 100 ते 5000 हर्ट्झपर्यंतचा उतार-चढावही तेवढ्याच मर्यादेत. पार्श्वभूमीची गुणगुण या 400 च्या पातळीपेक्षा निदान 32 डेसिबल खाली असावी. नाटकात शांततेला अर्थ असतो, म्हणून नाट्यगृहात 47 च्या जवळ जायचा आग्रह धरावा. काही कारणाने सगळ्या खुर्च्या व्यापता आल्या नाहीत, तर ज्या व्यापल्या त्या बुकिंगच्या प्लॅनवर 'टी' अक्षराने दाखवाव्यात, तिकीट खिडकीवरही आणि ऑनलाइनही. कानाचे चित्र आणि 'टी' असलेली निळी पाटी दारावर लावावी. ती नसेल तर आत लूप आहे हे श्रवणयंत्रवाल्याला कळणार कसे?

ज्यांच्याकडे यंत्रच नाही, किंवा कानाच्या नळीत बसणारे इतके छोटे आहे की त्यात टेलिकॉइल मावली नाही, त्यांच्यासाठी लूपचे खिशातले रिसीव्हर आणि हेडफोन ठेवावेत. किती? अमेरिकेच्या 2010 च्या मानकांत 501 ते 1000 आसनांच्या सभागृहाला 20 आणि पाचशेच्या वरच्या दर 33 आसनांमागे एक असा हिशेब आहे, म्हणजे 900 आसनांना 33. सगळ्या खुर्च्यांना लूप असेल तर आपल्याकडे सुरुवातीला दहा पुरेत, पण ते चार्ज केलेले आणि कानाचे स्पंज बदललेले हवेत.

आणि रोजची तपासणी. पहिल्या घंटेच्या आधी एका कर्मचाऱ्याने रिसीव्हर कानाला लावून मधल्या वाटेने शेवटच्या रांगेपर्यंत आणि कडेने परत चालून यावे, दुसऱ्याने रंगमंचावरून साध्या आवाजात आकडे म्हणावेत. पाच मिनिटांचे काम आहे. वहीत तारीख, वेळ, सही. हे न झाल्यास काय होते ते ठरलेले आहे: कुणीतरी अॅम्प्लिफायरचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावतो आणि महिनोन्महिने दारावर पाटी तशीच राहते. श्रवणयंत्रवाला प्रेक्षक 'टी' दाबतो, काहीच येत नाही, त्याला वाटते आपलेच यंत्र बिघडले.

तिकीट खिडकी, रेल्वेचे चौकशी कक्ष, बँक, पालिका दवाखान्याचा केसपेपरचा काउंटर इथे छोटा लूप पुरतो. काचेच्या अलीकडे पॅड, पलीकडे कर्मचाऱ्याच्या तोंडाशी माईक. माईक टेबलफॅन किंवा तिकिटाच्या प्रिंटरशेजारी ठेवला की सगळे वाया. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेसारख्या व्याख्यानांना किंवा ग्रामसभेला, जिथे जागा कायमची नसते, तिथे सतरंजीखाली तात्पुरता लूप टाकता येतो.

कायदा अस्तित्वात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीतल्या सहभागासाठी साहाय्यक साधनांचा उल्लेख आहे. कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, मुदत 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके नुसती शिफारसवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. चित्रपटगृहांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. नाट्यगृहे मात्र बहुतांश महापालिका आणि नगरपालिकांची आहेत, तेव्हा त्यांना कुणाच्या आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. रॅम्प आणि चाकाच्या खुर्चीची जागा आता आराखड्यात येऊ लागली, तशीच ही ओळही येऊ शकते. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर प्रेक्षकाला लूपचा उपयोग नाही, त्याच्यासाठी दुभाषी आणि संवादपट्टी हवी. ती मागणी वेगळी आणि तितकीच रास्त आहे.

निविदेत लिहायचे ते असे: 'संपूर्ण प्रेक्षागृहासाठी आयईसी 60118-4 नुसार इंडक्शन लूप, फरशीपूर्वी पार्श्वभूमी मोजणी व चाचणी वळशासह, रंगमंचावर कायमचे स्वतंत्र माईक, खुर्च्या बसवल्यानंतर अंतिम मोजणी, सूचना फलक, रिसीव्हर, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, तीन वर्षे देखभाल.' ही ओळ फरशीच्या कामाच्या आधीच्या टप्प्यात असावी, विद्युत कामाच्या शेवटच्या यादीत नव्हे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलासुनांना एवढेच सांगणे: पुढच्या वेळी यंत्र सेट करायला जाल तेव्हा त्यात टेलिकॉइल आहे का आणि 'टी' प्रोग्रॅम चालू केला आहे का, हे विचारून घ्या. पुष्कळ यंत्रांत कॉइल असते आणि प्रोग्रॅम कुणी सुरूच केलेला नसतो. नवे यंत्र घेताना आकार जरा मोठा चालेल, पण कॉइल हवी, असे आधीच सांगा. आणि नाट्यगृहाच्या तक्रारवहीत लूपची मागणी स्वतःच्या हाताने, तारीख घालून लिहा. अंदाजपत्रक करताना 'अशी मागणी आलेली नाही' हा शेरा पडू नये, म्हणून.

आपले नम्र,
श्रवणचिकित्सा आणि नाट्यगृहांच्या ध्वनिव्यवस्थेत काम करणारे काही सहकारी